आज्ञाधारक सिंड्रेला

गेल्या वर्षी प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातील युवकांसमोर मी आज्ञापालनावर प्रवचन दिले. ते संपल्यावर नववीतील एक मुलगी जवळ आली आणि ‘फादर, हे वाचून पाहाल?’ असे म्हणत तिने एक इंग्रजी पुस्तक माझ्या हाती ठेवले. ‘एला एन्चान्टेड’ ही गेल कार्सन लेव्हिन या अमेरिकन लेखिकेची, १९९७ साली प्रसिद्ध झालेली कुमारवयीनांसाठीची कादंबरी. परीकथांचे माझे वय सरले, असे मनाशी म्हणतच मी ती वाचायला घेतली.

कथा सिंड्रेलाचीच. फ्रान्सच्या शार्ल पेरोने १६९७ साली ती लिहिली, तेव्हा त्याची नायिका छळ मुकाट्याने सोसते आणि अखेरीस सावत्र बहिणींना क्षमा करून राजवाड्यात आसरा देते. पुढे जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या कथेत मात्र कबुतरे त्या बहिणींचे डोळे फोडतात. जुनी कथा नव्याने सांगण्याची रीत काही आजची नव्हे. लेव्हिनबाईंना पडलेला प्रश्न मात्र वेगळा आहे. ही मुलगी सर्वांचे इतके ऐकते तरी का? त्यांचे उत्तर असे की, ल्युसिंडा नावाच्या परीने एलाला जन्मताच आज्ञाधारकपणाचे ‘वरदान’ दिलेले असते. कोणीही हुकूम करावा आणि एलाने तो पाळावा. हे हेरून सावत्र बहीण तिच्या दिवंगत आईचा हारदेखील काढून घेते.

शेवटी राजपुत्र एलाला मागणी घालतो. तिचेही त्याच्यावर प्रेम असते. परंतु उद्या कोणीतरी हुकूम सोडून आपल्याच हातून त्याचा घात करवील, हे ओळखून ती सारे बळ एकवटून ‘नाही’ म्हणते. त्या नकाराने शाप गळून पडतो, आणि मगच ती स्वेच्छेने त्याला होकार देते.

पुस्तक मिटले, पण झोप लागेना. मी नवा धर्मगुरू असताना एक गृहस्थ आपल्या मुलीला माझ्याकडे घेऊन आले होते. तिला पुढे शिकायचे होते, त्यांना तिचे लग्न लावून द्यायचे होते. मी तिला चौथी आज्ञा समजावून सांगितली. तिने मान खाली घातली आणि ऐकले. माझ्या उपदेशाचे फळ म्हणून मला त्याचा अभिमानही वाटला होता.

गुरुदीक्षेच्या वेळी मीही बिशपांच्या हातांत हात देऊन आज्ञापालनाचे वचन दिले. पण त्यापूर्वी विचार करण्यास मला सेमिनरीतील कित्येक वर्षे मिळाली होती, आणि ‘नाही’ म्हणून घरी परतण्याची मुभाही होती. पवित्र मरियेनेसुद्धा देवदूताला आधी प्रश्न विचारला, आणि देवदूत तिच्या उत्तरासाठी थांबला. मी त्या मुलीच्या उत्तरासाठी थांबलो नव्हतो.

गेल्या नाताळात मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिने चहा पुढे केला आणि म्हणाली, ‘फादर, तेव्हा मला एकदा विचारले असते, तरी पुरे होते.’

आता कोणी आईवडील मुलाला घेऊन आले, की मी त्यांना थोडा वेळ बाहेर बसण्याची विनंती करतो. आधी मुलाचे ऐकतो.