वीतभर उजेड

शाळेच्या पुस्तकात तिला विजेरी म्हणत, दुकानाच्या पाटीवर टॉर्च. आमच्या घरात मात्र ती कायम बॅटरीच राहिली. आत घालायचे ते सेल, आणि ते ज्यात घालायचे ती बॅटरी. फ्रिज घेताना मी जितका विचार केला नव्हता, तितका या वर्षी एका बॅटरीसाठी केला. कारण होतं आईचे तळपाय.

आईला मधुमेह होऊन वीस वर्षं झाली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या तळपायाला नायलॉनचा एक तंतू ठिकठिकाणी टेकवला. वाकेपर्यंत दाबला की दहा ग्रॅमचा भार पडतो, एवढंच ते साधन. 'लागलं की हो म्हणा,' असं सांगून त्यांनी तिला डोळे मिटायला लावले होते. डाव्या पायाला चार-पाच ठिकाणी तंतू टेकून झाला, तरी आई तपासणी सुरू व्हायची वाट बघत शांत बसून होती.

तेव्हापासून रोज रात्री तिचे पाय मी बघते. टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या. चपलेचा पट्टा घासला, खडा रुतला, तरी तिला दुखणार नाही. तेव्हा दुखण्याचं काम आता डोळ्यांनी करायचं. जखम होण्याआधी कातडी बहुधा रंग बदलते. पण आईच्या गव्हाळ, रापलेल्या पायावर तो बदल गोऱ्या कातडीवर दिसतो तसा लालभडक नसतो. जरासा तांबूस, कधी नुसताच आजूबाजूपेक्षा गडद. शिवाय छतावरच्या दिव्याने पायाची वरची बाजू उजळते, तळवा सावलीतच राहतो.

घरात निळसर पांढऱ्या झोताची एक स्वस्त बॅटरी होती. तिच्या उजेडात आईचा पाय मेणाचा वाटायचा. एकदा झोत चुकून कुंकवाच्या करंड्यावर पडला आणि कुंकू विटकरी दिसलं. तेव्हा माझी शंका पायावरून बॅटरीवर गेली.

पांढरा म्हणून मिळणारा एलईडी मुळात निळा असतो. त्या निळ्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्यावर पिवळा उजेड देणाऱ्या पदार्थाचा थर दिला, की दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं भासतं. त्यात गडद लाल फारसा नसतोच. आणि जो रंग उजेडात नाही, तो कातडीवरून परत येणार कसा? लाल उजेड देणारा पदार्थही मिसळता येतो, पण मग ल्युमेन घटतात. ल्युमेन मोजतात ते माणसाच्या डोळ्याच्या कलाने. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला पूर्ण वजन, तर ६५० च्या लालाला त्याच्या साधारण एक दशांश. खोक्यावर मोठा आकडा छापायचा असेल, तर लाल गाळणंच परवडतं.

रंगांच्या खरेपणाचं माप वेगळं आहे, सीआरआय. शंभरपैकी गुण. तेही पुरेसं नाही, हे समजायला मला आठवडा लागला. ठरावीक आठ रंगांचे नमुने त्या दिव्याखाली आणि एका प्रमाण उजेडाखाली किती सारखे दिसतील याचा हिशेब करतात आणि आठांची सरासरी काढतात. हे आठही रंग फिके, सौम्य. गडद लाल हा नववा नमुना. तो सरासरीत धरतच नाहीत. त्याचे गुण आर९ या नावाने वेगळे सांगतात, म्हणजे सांगितलेच तर. सीआरआय ८० असलेला दिवा लालात जवळपास नापास असू शकतो. ७० वाल्या कित्येकांचा आर९ शून्याच्याही खाली जातो.

हे वाचताना मला आमच्या धंद्यातला 'ओघवता अनुवाद' हा शेरा आठवत राहिला. तो आमचा ल्युमेन. कुठला रंग गाळल्यामुळे ओघ आला, हे कोणी विचारत नाही.

बाबांची दोन सेलची जुनी पत्र्याची बॅटरी मी माळ्यावरून काढली. तारेचा बल्ब, मिणमिणता पिवळा उजेड, पण कुंकू कुंकवासारखं. मापाच्या दृष्टीने तिला जवळजवळ शंभर गुण, कारण अशा पिवळ्या उजेडाची तुलना तापलेल्या वस्तूच्या तशाच पिवळ्या उजेडाशी करतात. म्हणजे मूळ संहिताही तिच्याच बाजूची! पण पिवळ्यात पिवळं हरवतं. पू धरलाय की कातडी नुसती कोरडी आहे, हे तिच्यात उमगेना.

बडोद्यातल्या ज्या दुकानात गेले, तिथल्या काकांचा पहिला प्रश्न होता, "केटले दूर सुधी जोईए?" किती लांबपर्यंत हवी? "एक वेंत," मी म्हटलं. आपली वीत आणि त्यांची वेंत, अंतर तेवढंच. ते हसले आणि अर्धा किलोमीटर झोत फेकणारी दाखवू लागले. लांब फेकणारी बॅटरी जवळून धरली की मधोमध डोळे दिपवणारा ठिपका पडतो आणि कडेला काळोख. मला पसरट, एकसारखा उजेड हवा होता, आणि अगदी मंद करता येणारा.

शेवटी बाहेरून मागवली. आत निचिया या जपानी कंपनीचा ५१९ए नावाचा एलईडी, ४५०० केल्विन, म्हणजे ना बल्बसारखा पिवळा, ना निळसर. सीआरआय नव्वदीच्या पुढे, आर९ही भरघोस. सेल १८६५०. हा आकडा वाचून मी दचकले होते. तो नुसता अठरा मिलिमीटर जाडी आणि पासष्ट मिलिमीटर लांबी सांगतो. ल्युमेन मात्र तेवढ्याच किमतीच्या इतर बॅटऱ्यांपेक्षा कमी. आली त्या रात्री मी आधी स्वतःचा तळहात बघितला. बोटांच्या टोकांत रक्त होतं.

आषाढात डाव्या करंगळीच्या मुळाशी आठ आण्याएवढा तांबूस डाग दिसला. हाताची पालथी बाजू लावली, तर तिथे उबही जास्त होती. निळसर बॅटरी लावून पाहिली, डाग नाहीसा. पुन्हा नवी लावली, डाग होता. "दुखतंय का आई?" या प्रश्नाला आता काही अर्थ नाही, तरी तोंडातून गेलाच. ती म्हणाली, "छे गं, झोप तू." सकाळी डॉक्टरांकडे गेलो. नव्या चपलेचा पट्टा, एवढंच निघालं. चपला बदलल्या, आणि रोजची वही ठेवायला सांगितलं.

डॉक्टर गुजराती, म्हणून वहीही गुजरातीत. पहिल्याच ओळीला अडले. आपला तांबडा तांब्यावरून आलेला. गुजरातीत लाल आहेच, शिवाय रक्तावरून आलेला रातुं, आणि कातडीवरच्या लालीला रताश. तांबूस लिहिताना काहीतरी उजळल्यासारखं वाटतं, तांबडं फुटतं तसं. रताश लिहिताना थेट रक्त दिसतं. वहीसाठी तोच शब्द बरोबर होता.

बारा रात्री 'रताश छे', 'रताश ओछी छे' असं लिहिलं. काल करंगळीसमोर 'नथी' लिहिलं. उजव्या टाचेला एक भेग दिसतेय, ती आज बघायची आहे.