मोरपिशी काच

वाटण्या झाल्यावर दादाच्या वाट्याला वाड्याचा मागचा भाग आला. न्हाणी, उकिरडा आणि पडकी भिंत. खोलीचा पाया खणताना उकिरड्याच्या जागी बाटल्याच बाटल्या निघाल्या. माती पुसली तर काचेवर मोराच्या गळ्यासारखे रंग! हिरवा, जांभळा, मधेच सोनेरी. पावसात डबक्यावर रॉकेल सांडलं की दिसतात ना, तसे.

दादाचा हिशेब तिथंच सुरू झाला. "जुन्या बाजारात ह्याला मागणी हाय म्हणं. मोटारीचं पैसं निघतील."

हा रंग कुणी दिलेला नसतो. काचेत वाळूबरोबर सोडा आणि चुना असतो. बाटली ओल्या मातीत वर्षानुवर्षं पडली की पाणी त्यातला सोडा हळूहळू ओढून घेतं. मागं राहतात वाळूच्या अंशाचे कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ थर. त्यांच्या वरून आणि खालून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतो, आणि रंग दिसतात. आमच्या न्हाणीचं साबणाचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या तिथंच मुरलेलं. माळ्यावरच्या कोरड्या बाटल्यांवर मात्र रंगाचा ठिपकाही नव्हता.

पुण्याहून माणूस आला. बोलायला कमी, बघायला फार. आधी साच्याची शीर बोटानं चाचपली. शीर तोंडाच्या काठावरून आरपार गेली तर बाटली सगळी यंत्रावरची; गळ्याशी विरली तर बहुधा तोंड हातानं घडवलेलं, म्हणजे जुनी. मग पाणी लावलं. धुरकटपणा नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत आला. "रोग लागलाय काचेला," तो म्हणाला. "काही लोक तेल चोळून विकतात. घेणारा घरी जाऊन रडतो."

सगळ्यात जास्त भाव त्यानं गोटी सोड्याच्या एका साध्या बाटलीला सांगितला. ती माळ्यावरची. १८७२ साली हायरम कॉड या इंग्रजानं या बाटलीचं पेटंट घेतलं. गोट्यांसाठी पोरांनी इतक्या फोडल्या की जुनी, धड, अक्षरं उठलेली मिळणं अवघड.

दादा चिडला. "रंगीत ती स्वस्त आन् साधी ती म्हाग? ह्यो कुठला न्याय?"

न्याय आहे, पण सरसकट नाही. रोमन काळच्या पुरलेल्या काचेवरचा असाच रंग लोक डोक्यावर घेतात. अमेरिकेतल्या टिफनीनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तो नव्या काचेवर मुद्दाम आणला, आणि ती काच महाग गेली. सोड्याच्या बाटलीला मात्र तोच रंग म्हणजे खरूज. माझं मत विचाराल तर रंग खोलवर, एकसारखा असेल तर बाटली ठेवावी. पापुद्रे सुटत असतील तर खरवडून घासायच्या फंदात पडू नये.

ढिगात एक चपटी बाटली होती, औषधाची. बाजूला मात्रेच्या खुणा. त्या माणसानं ती दहा रुपयांच्या ढिगात टाकली. आईनं ती उचलली, पदरानं पुसली.

"आक्काच्या तापातली हाय," ती म्हणाली. "दोन खुणा औषध राहिलं हुतं. मीच फेकली."

आक्का माझ्या जन्माआधी गेली. घरात तिचा फोटो नाही.

दादानं बाकीच्या दिल्या. मोटारीचे पैसे काही निघाले नाहीत, पण पायाचं सिमेंट आलं. चपटी बाटली देवळीत आहे. उन्हं तिरपी झाली की दुसऱ्या खुणेखाली जांभळा पट्टा दिसतो. आई तिला तेल लावू देत नाही.