बेळगावी, हत्री!

निपाणी स्टँडवर लागलेली गाडी कुठली, हे मला पाटीवरूनच कळतं. कन्नड अक्षरं येतात. तरी मी विचारतोच, "बेळगाव का?" कंडक्टर म्हणतो, "बेळगावी, हत्री!" १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं. माझी जीभ वळत नाही, आणि खरं सांगायचं तर मी ती वळवतही नाही.

तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती. बेळगावात आमचे व्याही राहतात. ते कन्नड, आम्ही मराठी, सूनबाई दोन्हीकडची.

६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. टीव्ही बघत मी म्हणालो, "काय ही गुंडगिरी!" त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. तेव्हा मी म्हणालो, "लोकांनी तरी किती सोसायचं?"

सूनबाई भाजी निवडत होती. "मामा, इकडचे गुंड आणि तिकडचे लोक?" एवढंच म्हणाली.

तिनं वडिलांना फोन लावला. तिकडे नेमकं उलटं! मला बरं वाटलं. पण समोरच्याचा कल सापडला म्हणून आपला कुठे फिटतो?

महाजन आयोगाचं तेच. १९६७ च्या त्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव तिकडेच राहावं, असं होतं. शिवाय अक्कलकोटसह २४७ गावं तिकडे जायची होती. मी वर्षानुवर्षं सांगत आलो, "आयोगानंही निपाणी आमचीच म्हटली!" महाराष्ट्रानं तो अहवाल फेटाळला, हे मात्र गिळायचो. व्याही म्हणायचे, "अहवाल अंतिम!" अंतिम, तर मग निपाणी सोडा की! ते हसून विषय बदलायचे. एकाच अहवालाची दोन पानं आम्ही वाटून घेतली होती.

आता आमच्यात एक रीत पडली आहे. बातमीवर बोलण्याआधी नावांची अदलाबदल करायची. ट्रक त्यांचे, बस आमच्या, असं मनात धरायचं आणि मग शब्द निवडायचा. अवघड जातं. शब्द आधीच तोंडात आलेला असतो.

याचा अर्थ मधोमध बसायचं, असा नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाला कागदपत्रं त्याच्या भाषेत मिळावीत, हे माझं मत अदलाबदल करूनही टिकलं. तेच अक्कलकोटातल्या कन्नड माणसालाही मिळावं, हे म्हणायला मात्र मला पासष्टी गाठावी लागली.

परवा व्याह्यांनी एक कन्नड अग्रलेख वाचून दाखवला. मी मध्येच उसळलो.

"पाहुणे, नावं बदला आधी."

बदलली. "तरी चूकच आहे," मी म्हणालो.

"असेल," म्हणत त्यांनी आत चहा सांगितला. "आता का ते सांगा."