मदिनेत यूपीआय

मंगळवेढ्याच्या बाजारात दहा रुपयांच्या कोथिंबिरीलाही आता स्कॅनर पुढे येतो. त्यामुळे अम्मींना घेऊन उमऱ्याला निघताना घरात पहिला प्रश्न हाच निघाला, तिकडेही फोनवर भागेल का? थोरल्याने सांगितले, पॅरिसच्या आयफेल टॉवरचे तिकीट यूपीआयने काढता येते. खरे आहे, फेब्रुवारी २०२४ पासून येते. त्याच महिन्याच्या १२ तारखेला श्रीलंका आणि मॉरिशसमध्येही यूपीआय सुरू झाले. पण आम्हाला कुठे पॅरिसला जायचे होते!

मक्का-मदिनेत आम्ही गेलो त्या एकाही दुकानात आपला कोड दिसला नाही. थोडे रोख रियाल आणि बँकेचे फॉरेक्स कार्ड यांवरच भागवले. अम्मींना त्याचे नवल वाटले नाही. त्यांचे अब्बा मुंबईहून बोटीने हजला गेले ते हजच्या वेगळ्या नोटा घेऊन. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये हाजींसाठी दहा आणि शंभराच्या अशा नोटा काढल्या होत्या. त्या सौदीत देऊन तिकडचे चलन घ्यायचे.

फोन मात्र अगदीच मुका नव्हता. हॉटेलच्या वायफायवरून मंगळवेढ्याच्या दूधवाल्याचे पैसे मदिनेतून गेले. खाते इथले, घेणाराही इथलाच. नेमकी हीच सोय हेरून एक माणूस हॉटेलच्या जिन्यापाशी उभा राही. बोली दख्खनी, अदब मोठी. "इंडिया का नंबर देतूँ, पैसे डालो, रियाल हात में लेओ." भाव बँकेपेक्षा बरा. आमच्या काफिल्यातल्या बऱ्याच जणांनी घेतले.

आमचेही रियाल संपत आले होते. कार्डात भर घालायची तर बँकेला दुसरा शनिवार आणि पुढे रविवार. अम्मींना मोहल्ल्यासाठी पाच किलो अजवा घ्यायचा होता. तो नंबर ॲपवर टाकून पाहिला. नाव त्या माणसाचे नव्हते, तो म्हणत होता त्या भावाचेही नव्हते. कुठल्याशा ट्रेडर्सचे होते. दूधवाल्याला पैसे देणे वेगळे. रुपये देऊन रियाल घेणे हा चलनाचा सौदा, आणि १९९९ च्या फेमा कायद्याप्रमाणे तो अधिकृत परवाना असलेल्याकडेच करायचा असतो. शिवाय त्या खात्यात उद्या फसवणुकीचा पैसा निघाला, तर चौकशीचा धागा आमच्या पगाराच्या खात्यापर्यंत यायचा.

आम्ही नको म्हटले. "मास्तर लोक, कायदा सांगणारच," असा शेरा जेवताना ऐकावा लागला. त्या मंडळींचा आम्हाला राग नाही. परमुलखात रोख संपलेल्या म्हाताऱ्या माणसाला समोर आलेला हात सोडवत नाही. निघण्याआधीच्या मेळाव्यात टूरवाले एहराम बांधायला शिकवतात, तिथेच अर्धा तास पैशांबद्दलही बोलले तर किती बरे होईल!

अम्मी म्हणाल्या, "दोनच किलो घ्या, मोजून वाटू." घरी आल्यावर त्यांनी स्वतः पुड्या बांधल्या, घरटी सात खजूर. शेवटच्या दोन घरांना पाच-पाचच आले.