अडकलेला पाय

आपल्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ खल्लास! दोन्ही खांदे मातीला लागले, चितपट, हलगी कडाडली, विषय संपला. ब्राझिलियन जिउ-जित्सूत मात्र पाठ टेकल्यावरच खरी गंमत सुरू होते. खालचा गडी हरलेला नसतो, कारण त्याचे दोन पाय ही त्याची तटबंदी असते. तिचं नाव गार्ड. वरच्याने ती ओलांडायची आणि जमलं तर थेट छातीवर बैठक मारायची. ती बैठक म्हणजे माउंट.

या दोघांच्या मधली जागा म्हणजे हाफ गार्ड. धड आत नाही, धड बाहेर नाही. तुमचा एक पाय मोकळा, दुसरा त्याच्या पायांच्या कात्रीत. पूर्वी ही खालच्याची शेवटची केविलवाणी धडपड समजली जायची. मग १९९० च्या दशकात रॉबेर्तो कोरेया ऊर्फ 'गोर्दो' या ब्राझिलियन खेळाडूने गुडघा दुखावल्यामुळे इथूनच खेळायला सुरुवात केली आणि वरच्यांना उलथवून दाखवलं. तेव्हापासून हाफ गार्डला कोणी गरीब बिचारं म्हणत नाही.

तर प्रश्न असा, की पाय सोडवायचा कसा? सहज सुचतं ते उत्तर म्हणजे खेचायचा. आणि तेच नेमकं चुकीचं! पाय खेचायला तुम्ही मागे जाता, छातीवरचं वजन उठतं, मध्ये फट पडते. त्या फटीत त्याचा गुडघा येतो नाहीतर हात तुमच्या काखेतून मागे जातो. मग तो तुमच्या पाठीवर, आणि तुम्ही मनातल्या मनात शिव्या देत खाली.

म्हणून पायाकडे आधी चक्क दुर्लक्ष करायचं. अडकलेल्या पायाच्या बाजूचा हात त्याच्या काखेखालून घालायचा. दुसरा हात मानेखालून, आणि खांदा त्याच्या जबड्यावर, असा की त्याचं तोंड पलीकडे वळेल. जिकडे तोंड तिकडे अंग. त्याला कुशीवर राहून तुमच्याकडे वळायचं असतं, ते आता जमत नाही. तो सपाट होतो. अर्धी लढाई इथेच संपली, आणि पाय अजून जागचा हललेलासुद्धा नाही.

आता कंबर जेमतेम उचलून अडकलेला गुडघा त्याच्या मांडीवरून वर सरकवायचा आणि त्याच्या कमरेपलीकडे जमिनीला टेकवायचा. छाती मात्र चिकटलेली. आता फक्त घोटा अडकलाय. इथे तो पूल करून, म्हणजे कंबर उडवून, तुम्हाला पाडायला बघेल. काखेतला हात पुढे टेकवून तोल धरायचा. मग मोकळ्या पायाने त्याचा गुडघा ढकलून कात्री उघडायची. घोटा सुटला की माउंट!

बाजूने का नाही जायचं? जाता येतंच, आणि पुष्कळदा तेच सोपं असतं. पण वळसा घालताना त्याच्या कमरेला हलायला जागा मिळते. सरळ वर चढलात तर ती मिळत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत गार्ड ओलांडण्याचे ३ गुण आणि माउंटचे ४. मात्र दोन्हीकडे ३ सेकंद पकड टिकली पाहिजे. नुसतं पोचून उपयोग नाही, तिथे राहता आलं पाहिजे.

हे सगळं गुणांसाठीच असतं असंही नाही. आपल्यासारखी आठवडाभर खुर्चीत बसणारी माणसं शनिवारी मॅटवर उतरतात. अडकलेला पाय पिरगाळून ओढला तर जातो तो आपलाच गुडघा, आणि सोमवारी ऑफिसच्या जिन्यात प्रत्येक पायरी मोजावी लागते. शिवाय धसमुसळेपणा केला तर समोरच्याचाही गुडघा जाऊ शकतो, आणि तो आपलाच मित्र असतो.

मला या डावात आवडतं ते हेच. जिथे अडकलोय तिथे जोर लावायचा नाही. आधी बाकी सगळं पक्कं करायचं. पाय काय, सुटतो सावकाश.