कालनिर्णयातला क्ष

१२ जानेवारी, नांदेड
नववीच्या वर्गात नवं कालनिर्णय टांगलंय. त्यात वार डावीकडे आणि तारखा वरून खाली. चार तारखांचा चौकोन घेतला: १२, १९ आणि त्यांच्याखाली १३, २०. तिरकस गुणाकार २४० आणि २४७. फरक ७. दुसरा चौकोन, तिसरा, पुन्हा ७. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मंग फेब्रुवारीतबी सातच यील का?" त्याच प्रश्नासाठी थांबलो होतो. शंभर चौकोन तपासले तरी एकशे एकावा राहतोच. पहिली तारीख क्ष धरली. (क्ष + १)(क्ष + ७) मधून क्ष(क्ष + ८) वजा. सगळं कटलं, ७ उरला. बीजगणिताचा धडा खरं तर इथून सुरू व्हायला हवा. पुस्तक आधी अक्षरं देतं, गरज नंतर.

१७ जानेवारी
द. रा. कापरेकरांचा जन्मदिवस (डहाणू, १९०५). देवळालीचे शाळामास्तर. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ची गंमत मांडली: सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंकांच्या मोठ्यात मोठ्या मांडणीतून लहानात लहान वजा करत राहा, शेवटी ६१७४च. १९७५ साली गणितलेखक मार्टिन गार्डनरने तिच्यावर लिहिलं तेव्हा जगाला कापरेकर कळले.

वर्गात तीच गंमत तीन अंकांवर आणली. सगळे अंक सारखे नकोत. मोठ्यात मोठी मांडणी वजा लहानात लहान. ८३१ − १३८ = ६९३, मग ५९४, मग ४९५ आणि तिथेच मुक्काम. एकीचं २११ वरून ९९ आलं, ती अडली. ०९९ लिही म्हटलं, गाडी सुटली. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क धरले, तर वजाबाकी ९९(अ − क). "ब कुठं गेला ओ सर?" गेलाच. म्हणून उत्तरं फक्त नऊ, ९९ ते ८९१, आणि सगळ्यांच्या मध्ये ९ ठाण मांडून.

१९ जानेवारी, लातूर
लोहा, अहमदपूर करत एसटीने आलो. भाचा ट्युशन एरियात खोली करून राहतो. त्याला कोडं घातलं: शेळ्या-कोंबड्यांची डोकी ३०, पाय ८४. "मामा, ऑप्शन सांगा की." पर्याय टाकून बघायचे, समीकरण मांडायचंच नाही. परीक्षेत वेळ वाचतो, त्याला नावं ठेवत नाही. पण पर्याय नाहीत म्हटल्यावर पठ्ठ्याने सगळ्यांना दोन पायांवर उभं केलं: ६० गेले, २४ उरले, शेळ्या १२.

मग ६१७४ दिलं. अशा कोणत्याही संख्येला जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथे पोचणं कसं जमतं, यावर तो अडून बसला. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड धरले, तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क), म्हणजे दोन फरक कळले की झालं. असे फरक मोजले तर जोड्या ५४च. दहा हजार संख्या तपासायला नकोत! मेसचा डबा बाजूला सारून त्याने निम्म्या जोड्या माझ्या अंगावर टाकल्या.