डावी बाजू

माणसाचं ताट आणि कॉलेजचा अभ्यासक्रम यांची मांडणी एकाच डोक्यातून निघाली असावी, असा मला जुना संशय आहे. ताटात उजवीकडे भाजी, उसळ; डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. पोट भरतं उजवीकडच्या पदार्थांनी, पण डावी बाजू रिकामी राहिली तर यजमानाची अब्रू जाते. अभ्यासक्रमाचंही तसंच. मुलगा बी.एस्सी.ला येतो तो रसायनशास्त्रासाठी. बाकीचे 'सर्वांना आवश्यक' विषय म्हणजे डावी बाजू. वाढणारा चिमूटभर वाढतो, जेवणारा बोट लावून सोडून देतो.

ही डावी बाजू वाढा, असं मोठमोठ्यांनी सांगून झालंय. राधाकृष्णन आयोगानं १९४८-४९ मध्येच सांगितलं, की पदवीच्या विद्यार्थ्याला आपल्या विषयापलीकडचंही काही कळलं पाहिजे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण शिकवण्याचा आदेश दिला. त्यातून पुढे पर्यावरणाचा सक्तीचा पेपर आला आणि पेपराबरोबर प्रकल्पाची वही आली. आमच्याकडे 'झाडे वाचवा' या विषयावर शंभर मुलं प्रत्येकी चाळीस पानं मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवून काढत. झाडांनी कपाळाला हात लावला असता, पण त्यांना हात नसतात.

मग २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. महाराष्ट्रात २०२३ च्या एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला आणि डाव्या बाजूला एकदम पंचपक्वान्नांचा मान मिळाला. 'ओपन इलेक्टिव्ह' घ्यायचं ते दुसऱ्या विद्याशाखेचं. म्हणजे विज्ञानवाल्यानं कलाशाखेकडून, कलावाल्यानं वाणिज्याकडून. या विषयांच्या यादीला 'बास्केट' म्हणतात. आमचं कॉलेज स्वायत्त. तेव्हा बास्केट आम्हीच विणायची होती आणि विणणाऱ्यांत मीही होतो.

समितीच्या पहिल्या सभेला सगळे वेळेवर आले. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. प्राध्यापक सभेला वेळेवर येतो तो एकाच कारणासाठी : वर्कलोड. दोन क्रेडिटचा विषय म्हणजे तीस तास. तो ज्याच्या विभागाला मिळेल, त्याची आठवड्याच्या तासांची बेरीज जमते. विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास हे सभेचं पहिलं वाक्य होतं. दुसरं वाक्य, "आमच्या विभागाला चार तास कमी पडताहेत."

त्यानंतर नावांची सजावट सुरू झाली. वाणिज्यवाल्या सरांनी पासबुक कसं वाचावं याला 'आर्थिक साक्षरता आणि संपत्ती व्यवस्थापन' असा फेटा बांधला. रसायनच्या मॅडमनी फोडणीला प्रयोगशाळेत नेलं. मी स्वतः अर्ज कसा लिहावा हा विषय 'व्यावसायिक संवादकौशल्ये' या नावानं पाठवला. एका विषयाच्या नावात 'परिचय' असावं की 'ओळख', यावर पाऊण तास चर्चा झाली. आतले घटक कोणी उघडले नाहीत. त्यासाठी प्रत्येक विषयाला एक छाननी सदस्य नेमला होता. त्यानं वाचायचं, सही करायची, आणि बाकीच्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवायचा.

माझ्याकडे छाननीला आला 'आकाशदर्शन'. पाठवणाऱ्या मॅडम पदार्थविज्ञान विभागात तासिका तत्त्वावर होत्या. जितके तास, तितकं मानधन. कला आणि वाणिज्याच्या मुलांसाठी त्यांनी सात पानांचा आराखडा केला होता. मी पहिलं पान पाहिलं. त्यावर लिहिलं होतं, 'गच्चीवर रात्रीची सत्रे : सहा'. बाकीची सहा पानं मी, खरं सांगतो, पाहिली नाहीत. 'छाननी केली' असं लिहून सही ठोकली.

सभेत तो विषय आला तेव्हा दीड वाजला होता आणि शिपाईमामा बटाटेवडे घेऊन दारात उभे होते.

"रात्रीच्या तासाला हजेरी कुठल्या रकान्यात घ्यायची?" अध्यक्षांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाचलेल्या माणसाला उत्तर देता आलं असतं. मी म्हणालो, "अडचणीचंच आहे जरा."

'अडचणीचं' हा सभेतला मृत्युदंड. इतिवृत्तात नोंद झाली : 'सर्वानुमते अमान्य'. रिकामे झालेले तास माझ्या अर्जलेखनाला मिळाले. वडे अजून गरम होते.

त्या वर्षी मी सकाळी साडेसात वाजता विज्ञानाच्या मुलांना अर्ज शिकवू लागलो. दिवाळीनंतर मुलांना सांगितलं, "प्राचार्यांकडे खरीखुरी मागणी करणारा अर्ज लिहा." मला वाटलं, कँटीन, पंखे, वसतिगृहाचं पाणी. एका मुलीनं लिहिलं होतं : 'आकाशदर्शन हा विषय सुरू करावा, ही नम्र विनंती. ज्या मॅडम आम्हाला संध्याकाळी थांबवून गुरूचे चार चंद्र दाखवत, त्या तास कमी झाल्यामुळे कॉलेज सोडून गेल्या आहेत.' मायना, विषय, समास, सगळं अचूक. दहापैकी दहा द्यावे लागले.

त्या रात्री मी कपाटातून ती सात पानं काढली. दुसऱ्या घटकात एक प्रश्न होता : 'मृग नक्षत्रात पाऊस येतो, पण तेव्हा आकाशात मृग का दिसत नाही?' मी तीस वर्षं मराठी कवितेतला मृगाचा पाऊस शिकवतोय. वर्गात डोळे मिटून शिकवतो, इतका तो मला पाठ आहे. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. उत्तर खालीच होतं : जूनमध्ये सूर्यच मृगात असतो, म्हणून मृग त्याच्याबरोबर दिवसा उगवतो आणि उजेडात लपतो. तो पाहायचा तर हिवाळ्यातल्या रात्री. मी गच्चीवर गेलो. पौषातली थंडी होती. तीन ठळक चांदण्यांची रेघ डोक्यावर सरळ उभी होती. डाव्या बाजूला काय वाढलेलं असतं, ते मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

आणि पाचव्या पानावर हजेरीचंही उत्तर होतं. रात्रीची सत्रं प्रात्यक्षिकात धरावीत, असं बाईंनी स्वच्छ लिहून ठेवलं होतं.

पुढच्या सभेत 'आयत्या वेळचे विषय' या सदरात मी तो आराखडा पुन्हा मांडला. मागच्या खेपेला न वाचता सही केली होती, हेही सांगितलं. सभा एकदम शांत झाली. मला वाटलं, सगळ्यांना धक्का बसला. पण प्रत्येक जण आपापल्या सह्या आठवत होता. विषय दोन मिनिटांत मंजूर झाला.

"शिकवणार कोण?" अध्यक्षांनी विचारलं. सूचक मी, तेव्हा सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडेच पाहिलं.

मी मॅडमना फोन लावला. त्या आता एका क्लासमध्ये प्रवेश परीक्षेची मुलं घासत होत्या. मी माझ्या सहीची गोष्ट सांगितली. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना.

"सर, मला तेव्हा वाटलं होतं, आराखड्यातच काहीतरी चुकलंय," त्या म्हणाल्या. "मी तो नंतर चारदा वाचला."

यावर मला काही बोलता आलं नाही. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

आता त्या शनिवारी येतात. बाकीचे दिवस क्लासचेच आहेत. दोन क्रेडिटमध्ये घर चालत नाही. गच्चीवर हजेरी मी घेतो आणि मुलांच्या शेवटी रांगेत उभा राहून दुर्बिणीला डोळा लावतो. समितीत आता मी प्रत्येक आराखडा शेवटच्या पानापर्यंत वाचतो, त्यामुळे सभा लांबतात आणि वडे गार होतात. शिपाईमामांची त्याबद्दल तक्रार आहे. ती लेखी द्या म्हटलं, तर म्हणाले, "कशाला सर? वाचतंय कोण!"